घाट चढलेलं घर

दुपारी दोनच्या सुमाराला, घाटमाथ्याच्या अलीकडच्या शेवटच्या वळणावर, माझी पुढची चाकं जागच्या जागी फिरली. गाडी वर चढली नाही. सुदैवाने मागेही घसरली नाही. आत तीन माणसं होती. त्यांपैकी एकीला बसता येत नव्हतं.

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल मोटरहोम आहे. म्हणजे चाकांवरचं घर. माझ्यात ओटा आहे, नळाला गरम पाणी आहे, निजायला पलंग आहे, आणि बाहेर कितीही गारठा असला तरी आत ऊब देणारा हीटर आहे. त्या वळणावर मी का अडले आणि पुढे काय झालं ते सांगते. पण त्याआधी मी कुठून आले हे सांगायला हवं, नाहीतर गोष्ट अर्धवट राहील.

माझा सांगाडा मालवाहू गाडीचा. एका मोठ्या कारखान्यात तो तयार झाला आणि तिथून एका लहान कारखान्यात गेला, जिथे सुतार, नळ जोडणारे आणि गाद्या शिवणारे एकाच छपराखाली काम करत. माझ्या भिंतींत जाड अस्तर भरलं, खिडक्यांना दुहेरी काचा लावल्या. कपाटाचं प्रत्येक दार बंद केल्यावर सुतार त्यावर मूठ आपटून बघायचा. "वळणावर उघडलं तर बश्या डोक्यात पडतील आणि शिव्या मला पडतील," असं तो म्हणे. त्याची दारं आजवर एकदाही आपणहून उघडलेली नाहीत.

मला पहिल्यांदा विकत घेतलं ते दगडांचा अभ्यास करणाऱ्या एका नवराबायकोने. ते दोघं डोंगर पालथे घालत आणि संध्याकाळी पिशव्या भरून दगड आणत. ते दगड कधीही कुठेही टाकले नाहीत. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध, जमिनीलगतच्या खणात ते नीट रचले जात. या दोघांनी मला फार जपलं. तेल वेळेवर बदललं, उतारावर ब्रेक न तापवता खालच्या गिअरमध्ये गाडी आणायची शिस्त पाळली. परतल्यावर बाई बॉनेटवर थाप मारून म्हणायच्या, "शाब्बास गं बाई." माणसांनाही एवढं कौतुक रोज मिळत नाही.

मग त्यांचे गुडघे थकले आणि मी जुन्या गाड्यांच्या आवारात आले. तिथे एका कोपऱ्यात मी उभी राहिले. टायरभोवती गवत वाढलं. छताच्या झडपेत एका पक्षिणीने घरटं केलं आणि पिल्लं उडून गेल्यावर काड्या तशाच ठेवून ती गेली. येणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत, नाक मुरडत आणि पुढच्या चकचकीत गाडीकडे वळत. माझ्या काचेवरच्या धुळीत कोणीतरी बोटाने "आजी" असं लिहिलं होतं. ते पुसायची तसदी कोणी घेतली नाही.

अशा वेळी ते कुटुंब आलं. आई, बाबा आणि त्यांची लेक. घरात जी हाक मारतात तीच मी वापरते. आईबाबांची बेकरी होती. आई लग्नाचे तीन-चार मजली केक करायच्या आणि बाबा ते गाडीतून पोचवायचे. लेकीने आता बेकरीचा कारभार आणि गाडी दोन्ही हातात घेतलं होतं, कारण आईंच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली होती. त्यांना चालता येत होतं, आडवं पडता येत होतं. बसलं की मात्र थोड्याच वेळात कळा सुरू होत.

त्यांना डोंगरापलीकडे जायचं होतं. तिथे आईंची थोरली बहीण एकटी राहते. घरातली सगळी तिला मावशी म्हणतात, आई तेवढ्या ताई म्हणतात. मावशीची नजर जात चालली होती. लगेच खाली शहरात येऊन उपचार सुरू केले तर उरलेली नजर वाचेल, नाहीतर हिवाळा सरेपर्यंत तीही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लेक दोनदा मावशीला आणायला गेली होती. दोन्ही वेळा मावशीने चहा पाजला, हवापाणी विचारलं आणि तिला रिकाम्या हाती परत पाठवलं.

"ती जगात कोणाचं ऐकत नाही," आई म्हणाल्या. "माझंही ऐकत नाही. पण मी दारात जाऊन उभी राहिले, तर निदान भांडेल तरी. फोनवर ती भांडत पण नाही गं."

बर्फ पडू लागला की घाट बंद होतो. म्हणजे त्याआधी आईंना घाट ओलांडायचा होता, तोही आडवं पडून, पाठीला धक्का न लागता. आरामशीर गाडी ही त्यांची चैन नव्हती. दुसरा मार्गच नव्हता.

आवाराच्या मालकाने त्यांना आधी नवी गाडी दाखवली. पेट्रोलवर चालणारी, दुधासारखी पांढरी, छताला निळे दिवे, भिंतीएवढा टीव्ही. लेक हरखून गेली. आईंनी पिशवीतून एक काचेचं भांडं काढलं. त्यात कस्टर्ड होतं. नुकतं धरलेलं, बोट लावलं तरी थरथरणारं.

"हे काय?" मालकाने विचारलं.

"तपासणी," बाबा म्हणाले. "आमच्या धंद्यात गाडी अशीच निवडतात. गाडीवाला काहीही सांगो, कस्टर्ड खोटं बोलत नाही."

बेकरीची ती जुनी रीत होती. केक पोचवायला नवी गाडी घ्यायची झाली की आत कस्टर्डचं भांडं ठेवायचं आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून एक फेरी मारायची. वर चीर दिसली, की ती गाडी बाद. आईंनी भांडं त्या नव्या गाडीच्या पलंगावर ठेवलं. पलंग अगदी मागच्या टोकाला होता. मालकाने स्वतः गाडी गतिरोधकांवरून फिरवून आणली. परत आल्यावर पाहिलं तर कस्टर्डचे तुकडे झाले होते आणि काही उशीवर गेले होते.

"मी जरा जोरात नेली," मालक ओशाळून म्हणाला.

"माझी लेक याहून जोरात नेते," आई म्हणाल्या. "ती आजी लिहिलेली कोण?"

माझं दार खूप दिवसांनी उघडलं. आत धूळ होती, कुबट वासही होता. पण माझी लांब, पूर्ण आडवी होणारी खुर्ची पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध आहे, खिडकीलगत, आणि तिला झोपल्या माणसाला धरून ठेवणारे पट्टे आहेत. गाडी खड्ड्यात आपटली की सर्वांत जास्त उसळतं ते शेपूट, सर्वांत कमी हलतो तो मध्य. शिवाय मागच्या चाकांवर माझं वजन हवेच्या पिशव्यांवर तोललेलं असतं. त्यांच्यात हवा भरली आणि बॅटरी नवी घातली. भांडं त्या खुर्चीत पट्ट्याने बांधलं. तेच गतिरोधक, तोच मालक, तोच वेग.

कस्टर्ड थरथरलं. पण त्याला चीर गेली नाही.

लेकीने मग मला आवारामागच्या तीव्र उतारावर नेलं, खालचा गिअर टाकला आणि इंजिनालाच गाडी अडवायला लावणारा ब्रेक लावून पायाचा ब्रेक सोडून दिला. मी सावकाश, न घरंगळता उतरले. चढताना तिने पाय नुसता टेकवला होता, तरी डिझेल इंजिनाने कुरकुर न करता ओढ घेतली. ती खाली उतरली तेव्हा निळ्या दिव्यांचं नावही तिने काढलं नाही. मालकाने उरलेलं कस्टर्ड मागून घेतलं आणि उभ्या उभ्या संपवलं.

पुढचे काही दिवस मी मेकॅनिकच्या हाताखाली होते. मित्रांनो, एक गोष्ट इथे लक्षात ठेवा. माझ्या टायरवरची नक्षी शाबूत होती, पण रबर म्हातारं झालं होतं, बाजूने बारीक तडे गेले होते. उभी राहिलेली गाडी झिजत नाही असं लोकांना वाटतं. ती झिजते, फक्त दिसत नाही. सगळे टायर बदलले, ब्रेक उघडून साफ केले, हीटरची नळी धुतली, धूर बाहेरच जातो ना ते तपासलं, थंडीत न गोठणारं डिझेल भरलं. छताच्या झडपेतलं घरटं आईंनी फेकू दिलं नाही. ते आवारातल्या झाडाच्या बेचक्यात ठेवायला लावलं.

निघायच्या दिवशी सामान बाबांनी भरलं. मैद्याची पोती, साखर, लोण्याचे डबे आणि कणीक मळायचं लोखंडी यंत्र.

"अहो, आपण बहिणीकडे चाललोय की दुकान थाटायला?" आईंनी विचारलं.

"पलीकडे काय मिळतं, काय नाही, कोणास ठाऊक," बाबा म्हणाले आणि त्यांनी मागच्या पिशव्यांत आणखी थोडी हवा भरली, कारण माझं शेपूट जरा खाली बसल्यासारखं दिसत होतं.

घाटाचा बहुतेक रस्ता मी गात चढले. तो दिवस मला कायम आठवेल. एकेक वळण मागे पडत होतं, खालची शेतं चौकोनी रुमालांएवढी होत होती, आणि आई खुर्चीत आडव्या पडून खिडकीबाहेर बघत होत्या. "पाठ?" लेक दर थोड्या वेळाने विचारायची. "आहे तिथेच आहे," आई म्हणायच्या. "तू रस्ता बघ."

आणि मग ते वळण आलं. अरुंद, उभं, कड्यावरून झिरपणाऱ्या पाण्याने ओलं. माझी ओढ पुढच्या चाकांत आहे. ती चाकं फिरली, खडी उडाली, पण पकड मिळाली नाही. लेकीने ताबडतोब हातब्रेक ओढला. बाबांनी खाली उतरून चाकांमागे दगड लावले. लेकीने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

"बाबा, पुढचा भाग हलका लागतोय हो. स्टिअरिंग लोण्यात फिरल्यासारखं फिरतंय."

तिने मागचं दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पोती, डबे, यंत्र, सगळं जड सामान दाराला टेकून रचलेलं होतं, मागच्या चाकांच्याही मागे. बेकरीच्या गाडीत ते बरोबर होतं. जे आधी उतरवायचं ते दाराशी, असा बाबांचा हात आयुष्यभर चालला होता. पण डोंगरात ते शेपटीचं वजन मागच्या चाकांवरून तरफेसारखं खाली दाबतं आणि पुढची चाकं उचलू बघतं. पिशव्यांत हवा भरल्याने मी सपाट दिसत होते इतकंच. वजन होतं तिथेच होतं.

"आपण मावशीला ऑर्डर पोचवायला चाललोय का?" लेक म्हणाली.

बाबांनी डोकं खाजवलं. "हात आपोआप गेला बघ तिकडेच."

"सगळं पुढे आणा," आतून आईंचा आवाज आला. "माझ्या खुर्चीभोवती रचा. आणि बांधा घट्ट. मी काय नाजूक पाहुणी आहे? मैद्यातच जन्म गेला माझा."

दोघांनी मिळून ओझी हलवली. मळायचं यंत्र जेवणाच्या टेबलाखाली गेलं, पोती चाकांच्या मधल्या खणात आणि जमिनीवर, सुताराने जमिनीत बसवलेल्या लोखंडी कड्यांना दोरीने आवळून. कितीतरी वर्षांपूर्वी तिथे दगड असत. माझं नाक जमिनीला टेकल्यासारखं मला वाटलं, आणि रस्ता परत माझ्या हाती आला.

लेक बसली. पहिला गिअर. बाबा बाहेर उभे राहून दगड काढायला तयार. तिने क्लच सोडला, इंजिनाचा आवाज खोल गेला आणि मित्रांनो, मी चढले! एकही खडा न उडवता, एकही हिसका न देता, आजी लिहिलेली ती गाडी ते वळण चढून माथ्यावर पोचली. बाबा मागून धावत आले. त्यांना दम लागला होता आणि ते हसत होते. माथ्यावर दोन नव्या गाड्या बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या होत्या. लेकीने हॉर्न वाजवला. गरज नव्हती, तरी वाजवला. मला आवडलं.

"पाठ?" तिने विचारलं.

"झोप लागली होती," आई म्हणाल्या. "का थांबवली?"

पलीकडचा उतार मी माझ्या शिस्तीने उतरले, ब्रेक न तापवता. संध्याकाळच्या उन्हात मावशीच्या फाटकाशी थांबले. आई स्वतःच्या पायांनी पायऱ्या उतरणार होत्या, पण त्याआधीच मावशी कुंपणाला हात लावत लावत आली आणि माझ्यात चढली. ती सरळ बघत नाही. मधलं सगळं पुसलं गेलंय, कडेचं थोडं दिसतं, म्हणून मान तिरकी करते. तिने पडदे बाजूला करायला लावले, धाकटीचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला आणि खूप वेळ तिरक्या नजरेने बघितलं.

"म्हातारी झालीस की गं."

"तू आरशात बघ आधी."

"आरशात नाही दिसत. म्हणून तर तुला बघतेय."

मग दोघी भांडल्या. मनसोक्त, जुनं-नवं सगळं काढून. बाबा आणि लेक बाहेर जाऊन कुंपणाला टेकून उभे राहिले. "आपल्या घराच्या भिंती मला ठाऊक आहेत," मावशी म्हणत होती. "इथे मी आंधळी झाले तरी वावरेन. तुमच्या त्या शहरात मी कुठे धडपडू?" आईंनी तिला तीन वेळा मूर्ख म्हटलं. मावशीने पहिल्या दोन वेळा उलट उत्तर दिलं.

माझ्यासारख्या जुन्या गाडीला सांभाळा, एवढं तर मी म्हणणारच होते. तेल बघा, टायरचं वय बघा, वजन मधोमध ठेवा. जुन्या वस्तूला लोक म्हातारी म्हणतात आणि मग तिला डोंगर दाखवायचं विसरतात. मला कोणीतरी दाखवला, म्हणून मी आज इथे आहे.

आत्ता सकाळ आहे. परवापासून बर्फ पडेल असा हवामानाचा अंदाज आहे, म्हणजे निघायचं तर आज किंवा उद्या. मावशी अजून "हो" म्हणालेली नाही. ती पहाटेपासून माझ्यात एकटी आहे. दाराची कडी, पायरी, नळ, कपाटांच्या मुठी, पलंगाची कड, सगळं ती एकेक करून हाताने चाचपते, पुन्हा दाराशी जाते आणि डोळे मिटून पहिल्यापासून सुरू करते.