चतुराक्काचा चहा आणि शहादेवचा स्विच

कॉम्प्रेसरचा प्रेशर स्विच आपण स्वतःच्या हातानं बदलला, ही गोष्ट शहादेवनं तेलगावच्या रस्त्यावर इतक्यांदा सांगितली होती की त्याच्या पंक्चरच्या दुकानातले टायरसुद्धा कंटाळले असतील. टाकी भरली की मोटार बंद करणारा जुना स्विच अकरा वर्षं इमानानं चालला आणि एक दिवस चिकटून बसला. यानं परळीहून नवा आणला, मेन बंद केली, टाकीतली हवा सोडली, टेप गुंडाळून स्विच घट्ट बसवला. "मिस्त्री कावून बोलवायचा? आपून काय मेलो का?" असं येईल त्याला ऐकवलं.

आणि त्याच दिवसापासून शेजारच्या हॉटेलात चतुराक्काचा चहा बिघडला.

बिघडला म्हणजे अगदी पांचट झाला. उसाचे ट्रॅक्टरवाले या चहासाठी वाट वाकडी करून यायचे, ते आता एक घोट घेऊन एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. आक्कानं पत्ती बदलली, दूधवाल्याला फैलावर घेतलं, पातेलं चिंचेनं घासलं. कशाचा काही उपयोग नाही. तिसऱ्या दिवशी म्हातारे बद्रीनाना, तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, अर्धा कप तसाच ठेवून उठले, तेव्हा ती मटकन बाकड्यावर बसली.

"माजा हातच गेला रं शादेव," ती म्हणाली. "उद्यापासून हाटेल बंद. लोकायला असलं पानी कावून पाजू?"

शहादेवला गलबलून आलं. अकरा वर्षं तो याच चहावर जगला होता. "आक्का, एक डाव माज्यासमोर कर," तो म्हणाला.

नानाही परत बाकड्यावर टेकले. तिनं पातेलं चढवलं. इकडं कॉम्प्रेसरची मोटार सुरू झाली, तिकडं तिनं पत्ती टाकली आणि नानांशी बोलत राहिली. पातेल्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. टाकी भरली, मोटार थांबली, स्विचमधून 'फुस्स' झालं, आणि तिचा हात आपसूक सांडशीकडं गेला. पातेलं खाली.

शहादेवला एकदम उलगडा झाला. जुना स्विच मोटार चांगली पाच मिनिटं चालू द्यायचा. नवा दोन मिनिटांतच फुस्स करत होता. लाइट नसली की आक्काचा चहा कडू का व्हायचा, तेही त्याला आत्ता कळलं. लोक तेव्हा सगळा दोष लाइटीलाच द्यायचे.

आता खरं सांगायचं म्हणजे मिस्त्रीगिरीवर पाणी सोडणं आलं. तरी त्यानं सगळं सांगून टाकलं.

आक्का लालेलाल झाली. "म्हंजे अकरा वर्सं चहा मी करीत न्हवते? तुजं डबडं करीत व्हतं?"

"भांडा मागून," नाना म्हणाले. "आदी चहा दुरुस्त करा."

मग शहादेव पान्हा घेऊन कॉम्प्रेसरपाशी, आक्का पातेलं घेऊन शेगडीपाशी आणि नाना नुसती जीभ घेऊन बाकड्यावर. शहादेव बटन बंद करून झाकण काढी, मोटार जास्त वेळ चालावी म्हणून बारक्या स्प्रिंगचा नट अर्धा फेरा कसून झाकण लावी आणि टाकी पुन्हा भरायला लागावी म्हणून पाइपातून हवा सोडी. सगळ्या हॉटेलभर धुरळा. मोटार सुरू, पत्ती आत, फुस्स, घोट.

"कच्चा," नाना म्हणाले.

अजून अर्धा फेरा.

"अजून कच्चाच."

शहादेवनं चिडून दोन फेरे मारले.

"काढा झाला बे! माघारी फिरव!"

सहाव्या कपाला नानांनी डोळे मिटले. "हाच," ते म्हणाले.

ट्रॅक्टरवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. आक्कानं सगळ्यांसाठी मोठं पातेलं चढवलं, मोटार सुरू झाली, पत्ती पडली, आणि लाइट गेली.

मोटार गप्प. चहा वर यायला लागला. आक्का सांडशी धरून कॉम्प्रेसरकडं बघत उभी राहिली. तिचा हात काही केल्या हलेना, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शहादेव तिच्याशेजारी जाऊन डोळे मिटून उभा राहिला. अकरा वर्षं ती मोटार त्याच्याही कानात होती. बराच वेळ तो तसाच उभा होता. मग त्यानं गाल फुगवले.

"फुस्स!"

पातेलं खाली. नानांनी घोट घेतला.

"बरोबर हाय," नाना म्हणाले.

आक्कानं पदरानं डोळे पुसले आणि शहादेवपुढं स्टूल सरकवलं. "लाइट येईस्तोर हितंच बस," ती म्हणाली. "पंक्चर काडायला उठलास तर बघ."