उभी पाटी

मी एक जुनी पाटी आहे. मोठ्या सभागृहात टेबलावर देशाच्या नावाची असते ना, तीच. मला रंगवताना पेंटर हसून म्हणाला होता, "देश एवढासा, नाव एवढंसं, अक्षरं मात्र झकास मोठी बसली!" त्यामुळे मित्रांनो, त्या सभागृहात मीच सगळ्यांत ठळक दिसे.

जगाची हवा आणि समुद्र राखण्याचे करार तिथे होत. बोलायचे असेल तर आडवी ठेवलेली पाटी उभी करायची, आणि एकाचीही हरकत असली तरी करार अडायचा, असा नियम. भाषणे कानाला फार गोड. पण सगळा पूर्वरंगच. आख्यान लावायची वेळ आली की एकेकाला घड्याळ आठवे.

माझ्यामागे आमच्या देशाच्या प्रतिनिधी म्हणून बाई बसत. आमचा देश म्हणजे एक बेट; त्या तिथल्या शाळेत शिकवत. समुद्र वर चढत होता आणि शाळेची विहीर खारट झाली होती.

शेवटच्या दिवशी कराराचे कागद आले. धूर कमी करण्याची तारीखच गाळलेली! बाईंनी मला उभे केले.

"आडवी करा हो बाई," शेजारच्या मोठ्या देशाचे वकीलसाहेब कुजबुजले. "जबाबदारी सगळ्यांची, असं लिहिलंय की!"

"सगळ्यांची, कबूल. पण धूर सगळ्यांनी सारखा केलाय का, साहेब?"

"अहो, विमान सुटेल."

"तुम्हाला दुसरं मिळेल. आम्हाला दुसरं बेट देता?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. चांगले निरखून पाहिले. मग मान खाली घालून म्हणाले, "हरकत कोणाचीच दिसत नाही," आणि हातोडा आपटला. टाळ्यांचा कडकडाट झाला, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. "अहो, मी आहे ना इथे!" बाई सांगत होत्या. त्यांचा माइक बंद होता.

आता बेटावर कोणी राहत नाही. कायद्यात मात्र देश अजून आहे, म्हणून दरवर्षी मला रिकाम्या खुर्चीपुढे मांडतात. सभेच्या आरंभी सगळे माझ्याकडे बघत मिनिटभर उभे राहतात, डोळे टिपतात. तेव्हा मी बरोबर दिसते!

सभा उठल्यावर सफाईवाल्या मावशी टेबल पुसताना मला क्षणभर उभी करतात. कोणी "बोला" म्हणेल, म्हणून मी वाट बघते. मावशी मला आडवी करून दिवे मालवतात.

मित्रांनो, देवाने डोळे सगळ्यांना दिले. मान वर करणे मात्र आपल्यावर सोडले. उद्या तुमच्या हाती हातोडा आला, तर आपटण्याआधी मान वर करा. कुणाची तरी पाटी उभी असेल. तिला बोलू द्या, तिच्या गावची विहीर गोड आहे तोवर.