डिकीतले चार ओहम

ज्ञान हीच माणसाची खरी संपत्ती होय, असं सर गेली बावीस वर्षं अकरावीच्या फिजिक्सच्या वर्गाला सांगत आले होते आणि वर्गही ते वहीत उतरवून घेत आला होता. सरांचा स्वतःचा या वाक्यावरचा विश्वास मात्र सासऱ्यांच्या वाढदिवशी, दुपारी साधारण दीड वाजता उडाला. साडूंची गाडी गल्लीत वळायच्या आधीच तिच्यातलं गाणं ऐकू आलं. खिडक्यांची तावदानं थरथरली, टेबलावरचे चमचे सरकले, आणि ज्या सासऱ्यांनी सरांचा पीएचडीचा प्रबंध हातात घेऊन "बराच जड आहे हो" एवढाच अभिप्राय दिला होता, ते अनवाणी फाटकापर्यंत धावले.

"काय आवाज आहे हो जावईबापू! छातीत धडधडतंय नुसतं!" ते साडूंना म्हणाले. मग सरांकडे वळून, "तुम्ही फिजिक्सवाले ना? मग तुमच्या गाडीत कसं नाही असलं काही?"

साडूंचं टायरचं दुकान होतं. दहावीत विज्ञानाच्या पेपराला आपण पेनच विसरलो होतो, हे ते स्वतः हसत हसत सांगत. सर त्या दिवशी जेवले नाहीत, म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

"पुढच्या रविवारी सगळ्यांना आपल्याकडे बोलव," परतताना ते बायकोला म्हणाले.

"कशाला?"

"जेवायला."

"खरं सांगा."

"ऐकायला."

सोमवारी सर गाडीच्या म्युझिक सिस्टीमच्या दुकानात गेले. तिथल्या फिटरने त्यांनी निवडलेला अॅम्प्लिफायर आणि खालच्या सुरांची धमक देणारे दोन वूफर पाहिले आणि मान हलवली. "सर, अॅम्प्लिफायर हा घेताय, तर वूफर दोन ओहमच्या कॉइलचे घ्या. चार ओहमवाले याला जुळत नाहीत. सगळ्या वायरी एकत्र बांधल्या तर अडथळा एक ओहमवर येतो, आणि तो दोनच्या खाली गेला की हा अॅम्प्लिफायर लाल दिवा लावून रुसून बसतो. दुसऱ्या पद्धतीने जोडले तर अडथळा थेट चारवर जातो. मग चालेल, पण निम्म्या ताकदीने."

"ओहम मला शिकवतोस?"

"नाही सर, पॅक करू का विचारतोय."

सरांनी चार ओहमवालेच घेतले, कारण त्यांचं चुंबक मोठं होतं. फिटिंग स्वतः करणार असल्याचंही त्यांनी जाहीर केलं. फिटर म्हणाला, अडलं तर फोन करा. सर म्हणाले, अडलं तर मी गणित करतो.

गणित चार पानी झालं. प्रत्येक वूफरमधल्या दोन कॉइल एकापाठोपाठ, म्हणजे आठ ओहम. असे दोन वूफर समांतर, म्हणजे चार. खाली समास सोडून आकृती काढली, तिला नाव दिलं, 'प्लस'ला तांबडी शाई वापरली. गणित बरोबर होतं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे त्याचा काही उपयोग झाला नाही.

झालं असं, की साडूंच्या वूफरचं चुंबक खोक्यात दडलेलं असे. आपलं ताटलीएवढं चुंबक असं अंधारात का कुजवायचं, म्हणून सरांनी दोनपैकी एक वूफर खोक्यात पालथा बसवला: तोंड आत, चुंबक बाहेर. त्यासाठी आकृतीत काही बदलायला हवं, असं त्यांच्या मनातही आलं नाही. आकृतीत वूफर म्हणजे नुसतं वर्तुळ होतं, आणि वर्तुळाला पाठ नसते.

शनिवारी दुपारी त्यांनी गाणं लावलं. अॅम्प्लिफायरचा निळा दिवा लागला. गाणारा गात होता, बासरीवाला वाजवत होता. धमक तेवढी नव्हती. सरांनी आवाज वाढवला. गाणाऱ्याचा गळा फाटायला आला, पण डिकीतून हूं की चूं नाही.

बायको पदराला हात पुसत आली. "झालं का सुरू?"

"सुरूच आहे."

"मग ऐकू का येत नाही?"

"इतक्या खालचा आवाज ऐकू येत नसतो. तो जाणवतो."

"मला नाही काही जाणवलं."

"तुझा कान तयार नाही."

बावीस वर्षं दुसऱ्याला समजावत आल्यामुळे, बोलता बोलता सरांना ते स्वतःलाही पटलं.

रविवारी सासरे पुढच्या सीटवर, मेहुणी मागे, साडू डिकीपाशी उभे, अशी व्यवस्था झाली. आधी सरांनी वीस मिनिटं प्रास्ताविक केलं. खरा खालचा सूर फक्त तयार माणसालाच कळतो, असं बजावून मग गाणं लावलं. सासऱ्यांनी डोळे मिटले.

"जाणवतंय," ते म्हणाले.

"कुठे?"

"पाठीत." त्यांची पाठ आठवडाभर धरली होती.

"किती सुसंस्कृत आवाज आहे ना भाऊजी," मेहुणी म्हणाली. "आमच्यासारखी आदळआपट नाही."

सर कित्येक वर्षांत एवढे सुखावले नव्हते. तेवढ्यात साडूंनी दोन्ही वूफरवर एकेक तळवा टेकवला.

"सर, हा बाहेर येतो तेव्हा तो आत जातोय. जेवढी हवा हा ढकलतोय, तेवढी तो ओढून घेतोय. आवाज राहणार कुठून?"

"अशक्य. दोघांनाही प्लसला प्लसच लावलंय. आकृती दाखवू?"

"तेच म्हणतोय. एक पालथा आहे ना? मग त्याच्या वायरी उलट्या लावा."

"तसं कोणत्याही पुस्तकात..." सर बोलत होते तोवर साडूंनी गाणं थांबवलं, दोन वायरींची अदलाबदल केली आणि पुन्हा लावलं.

फाटकाची कडी वाजली. आरसा हलला. समोरच्या घरातलं कुणीतरी गॅलरीत आलं.

"हां! आत्ता जाणवलं!" सासरे ओरडले. मग सरांचं तोंड बघून म्हणाले, "तसं मघाशीही जाणवलं होतं म्हणा. पण आत्ता जरा जास्त."

सरांनी स्वतःला सावरलं. वायरी काय, कुणीही हलवतं. प्रश्न होता तो कुणाचं मोठं याचा. "ही निम्मी ताकद आहे, लक्षात घ्या," ते मोठ्याने म्हणाले. "आता साडूभाऊंचा ऐकू. एकामागोमाग एक. बाबा ठरवतील."

"अहो, जेवण गार होतंय," बायको म्हणाली.

"होऊ दे."

सगळे रस्त्यावर आले. साडू थोडे घुटमळले, पण सर हटेनात, तेव्हा त्यांनी आपल्या गाडीची डिकी उघडली. आत चार घडीच्या खुर्च्या आणि हवा भरायचा एक पंप होता.

"वूफर कुठंय?" सरांनी विचारलं.

"तो काढून टाकला मंगळवारी," साडू म्हणाले. "खुर्च्या मावत नव्हत्या."