हात खाली

मी एकोणचाळीस वर्षं मागावर काढली. एका शेडमध्ये अठ्ठेचाळीस यंत्रमाग. ते सगळे एकदम सुरू झाले की शेजारच्याच्या कानात तोंड घालून ओरडलं तरी त्याला फक्त थुंकी लागायची. म्हणून आम्ही विणकर हातांनी बोलायचो. हे कुणी शिकवत नाही, शेडमध्ये आलेला माणूस महिन्याभरात आपोआप शिकतो. मूठ उलटी केली की सुताची कांडी संपली. दोन बोटं एकमेकांत अडकवून झटकन सोडवली की धागा तुटला. मिशी पिळली की मुकादम येतोय. आणि नुसत्या कामाच्याच खुणा नव्हत्या हो! कुणाचं लग्न जमलं, कुणाचा जावई कसा ऐतखाऊ निघाला, सगळं चालायचं. चार माग पलीकडून एखादा गंमत सांगायचा आणि आम्ही आठ जण एकदम हसायचो. नव्या माणसाला वाटायचं, वेड्यांच्या इस्पितळात आलो.

हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याला काय माहीत. मला सगळं माहीत होतं.

आमची ठमी दहा महिन्यांची झाली तरी पाठीमागे ताट पडलं तर दचकेना. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, दोन्ही कानांनी काहीच ऐकू येत नाही. ठमीची आई दवाखान्याच्या बाकावरच रडायला लागली. मी नाही रडलो. म्हटलं, एवढंच ना? दिवसाचे दहा तास मी तरी कुठे काय ऐकतो? आणि त्याच संध्याकाळी मी शेडमधलं बोलणं घरी आणलं.

काय सांगू तुम्हाला, पोर नुसती टिपून घ्यायची! तीन वर्षांची होईपर्यंत तिला माझ्या सगळ्या खुणा पाठ, वर तिच्या स्वतःच्या शंभरेक. तुटलेल्या धाग्याची खूण तिने बाहुलीच्या मोडक्या पायाला लावली, मग आमच्या नवरा-बायकोच्या भांडणाला लावली. माझी थोरली बहीण, म्हणजे तिची आत्या, जरा हुकूम सोडणारी बाई. ती जिन्यात दिसली की ठमी धावत आत यायची आणि मिशी पिळायची. आत्या म्हणायची, ‘बाई बाई, काय गोड नक्कल करते पोर!’ आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून हसू दाबायचो. संध्याकाळी मी दारात आलो की ठमीचे हात सुरू. मांजर कुठे बसलं, वरच्या काकूंनी कुणाला झापलं, आईने काय करपवलं, सगळा दिवस ती मला हातांनी सांगायची. ती चार वर्षं आमच्या घरात सगळ्यांत जास्त बोलणारं माणूस म्हणजे ठमी.

मग शाळेत घालायची वेळ आली. शाळेने सांगितलं, बोलायला शिकवा, मग घेऊ. एका वर्गाचा पत्ता मिळाला, तिथे मुक्या मुलांना बोलायला शिकवत. तिथल्या बाई वाईट नव्हत्या हं, उगाच त्यांच्या डोक्यावर खापर फोडणार नाही. ठमीला मांडीवर घेतलं, गालाला हात लावला. मला विचारलं, ‘‘घरी हाताने बोलता का तुम्ही?’’

मी छाती फुगवून हो म्हटलं.

‘‘इथेच चुकतंय बघा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘हाताने काम भागलं तर ती तोंड कशाला उघडेल? आजपासून घरात खुणा बंद. तिने ओठांकडे बघायचं आणि आवाज काढायचा. जड जाईल. पण आईवडिलांनी मन घट्ट केलं तर मुलं बोलतात.’’

त्या काळी पुष्कळ जण असंच सांगत, असं मला आता कळलंय. पण मी ऐकलं ते पुष्कळ जण सांगत म्हणून नव्हे. ठमीने चारचौघांसारखं बोलावं, हे मला हवं होतं. जिन्यात लोक तिच्याकडे ज्या नजरेने बघायचे, ती नजर मला नको होती. आणि मन घट्ट करणं? त्यात माझा हात धरणारा कोणी नाही. एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी मी ऐकत नाही.

घरात नियम केला, हात खाली. ठमीने हात उचलला की मी तिच्या समोर तोंड नेऊन म्हणायचो, ‘‘हात खाली!’’ ओठांवरून ओळखायला ती पहिल्यांदा काय शिकली असेल, तर हेच दोन शब्द. पाणी हवं असेल तर ‘पाणी’ म्हण, मग मिळेल. एकदा मी पेला हातात धरून तिच्यासमोर बसलो. तिने अंगठा ओठांना लावला. हात खाली. तिने माठाकडे बोट दाखवलं. हात खाली. उन्हाळ्याचे दिवस, पोरीचे ओठ सुकलेले. पाऊण तासाने तिच्या घशातून ‘पा’ असं काहीतरी निघालं आणि मी पेला दिला. मला इतका आनंद झाला की मी जिन्यात जाऊन शेजाऱ्यांना हाका मारल्या. आज त्या आनंदाची लाज वाटते.

आणि मी स्वतः काय करत होतो? दिवसभर शेडमध्ये हातवारे करून लोकांना हसवत होतो. संध्याकाळी दारात चपला काढायचो आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घालायचो. सवयीने वर येतील म्हणून. ठमी माझ्या खिशांकडे बघत बसायची. तिची आई स्वयंपाकघरात चोरून खुणा करायची, ते मी एकदा पकडलं. ‘‘तुला पोरीचं भलं नकोय का?’’ असा ओरडलो की तिच्या हातातली पळी खाली पडली.

सात वर्षांची असताना एकदा ठमी बाहेरून धावत आली. डोळे एवढाले झालेले, धाप लागलेली. काहीतरी झालं होतं, काहीतरी मोठं. मी खुर्चीत होतो. माझ्यासमोर उभी राहून ती दोन्ही हातांनी सांगायला लागली, भराभर, नियमबियम विसरून. मी तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, ‘‘तोंडाने सांग.’’ ती ‘बा, बा’ करत राहिली. माझ्या मुठीत तिची बोटं धडपडत होती. मग थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, हात सोडवून घेतले आणि खिडकीशी जाऊन बसली. मला वाटलं, शिस्त लागली. ती काय सांगत होती ते मला आजतागायत माहीत नाही.

अकरा वर्षांची होईपर्यंत तिला साठ शब्द यायला लागले. मी मोजले होते. पाहुण्यांसमोर ‘म्हण, बाबा म्हण’ असं केलं की ती घोगऱ्या आवाजात ‘बाबा’ म्हणायची आणि पाहुणे टाळ्या वाजवायचे. शाळेत घेतलं होतं, पण मुख्याध्यापकांनी एक दिवस बोलावून वही दाखवली. अक्षर मोत्यासारखं. ‘‘फळ्यावरचं अगदी काना-मात्रेसकट उतरवते,’’ ते म्हणाले, ‘‘पण यातली एक ओळ तिला कळत नाही हो. ‘काल’ आणि ‘उद्या’ म्हणजे काय, तेही माहीत नाही.’’ आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिसऱ्या वर्षी तिला काल आणि उद्या दोन्ही येत होते. हातांवर होते. तो आड मी उपसून कोरडा केला होता.

मग तिला बहिऱ्या मुलांच्या शाळेत, तिथल्याच वसतिगृहात घातलं. तिथले मास्तर काही शिकवोत, मुलं आपसात हातांनीच बोलत. पहिल्या सुट्टीत ती एका मैत्रिणीला घेऊन घरी आली. दोघी पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या आणि चार हात असे चालले होते की बघत राहावं. ठमी हसत होती, खदाखदा, आवाज करून. सात वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मी दारात आलो. तिचं लक्ष गेलं आणि तिचे हात आपोआप खाली गेले. ‘‘बाबा, जेवण,’’ ती तोंडाने म्हणाली.

तिची आई शहाणी. दोन सुट्ट्यांत लेकीकडून सगळं शिकली. पन्नाशीला आलेली बाई, पोळपाटावरचं पीठ तसंच ठेवून बोटं नाचवायची. मी? माझा ताठा आडवा आला. शिकलो असतो तर चुकलो म्हणावं लागलं असतं. मला ठमीच्या बातम्या तिच्या आईकडून कळायच्या. ठमी म्हणते, बारावी पास झाली. ठमी म्हणते, त्याच शाळेत तिला लहान मुलांना शिकवायला घेतलंय. ठमी समोरच बसलेली असायची.

दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली. तिच्याबरोबर ‘ठमी म्हणते’ही गेलं. त्याच सुमाराला माझे कान पुरते बसले. मागांनी खाल्ले, सगळ्या विणकरांचं असंच होतं. ठमी दर रविवारी येते, भाजी करून ठेवते, माझ्या गोळ्या बघते. मी तिला जो आवाज काढायला लावला, तो मला आता ऐकू येत नाही. दोन बहिरे एका टेबलाशी, आणि दोघांच्या मध्ये साठ शब्द.

शेवटी मी उठलो आणि तिच्या शाळेत गेलो. तिथे दर शनिवारी सकाळी पालकांचा वर्ग असतो, मुलांशी हातांनी कसं बोलायचं ते शिकायचा. शिकवायला ठमी. बाकीचे सगळे पंचविशी-तिशीतले, मांडीवर पोरं घेऊन. मी सहासष्ट वर्षांचा, मांडीवर टोपी घेऊन. मला बघून ती क्षणभर थबकली, मग सगळ्यांना दिला तसा मलाही तक्ता दिला. माझी बोटं मागावर ताठरलेली, भलतीच खूण व्हायची. एकदा मी ‘आई’ म्हणायला गेलो आणि म्हशीची खूण केली. सगळी पोरं लोळायला लागली. ठमीसुद्धा हसली. घरी येऊन मी आरशासमोर तीच खूण चाळीस वेळा केली.

एका शनिवारी एका तरुण बापाने कागदावर प्रश्न लिहून दाखवला. घरी हाताने बोललो तर मुलगा तोंडाने बोलायचा राहील का? मला राहवलं नाही. ‘‘अरे शहाण्या,’’ मी माझ्या बहिऱ्या आवाजात गरजलो असणार, कारण दोन तान्ही रडायला लागली, ‘‘आधी त्याला सांगायला काहीतरी असू दे! हात बांधून ठेवलेस तर तोंडातून काय, भोपळा निघणार?’’ ठमीने माझ्याकडे पाहिलं. तिने ओठांवरून किती वाचलं, कोण जाणे.

सहा महिने एकही शनिवार चुकवला नाही. मला एकच वाक्य नीट बोलायचं होतं. परवाच्या रविवारी जेवणं झाल्यावर मी खुर्ची तिच्यासमोर ओढली आणि हातांनी म्हटलं, ‘‘तुझं लहानपण मला सांग. शाळा, मैत्रिणी, सगळं. मी बघतो.’’

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली. मग शिकाऊ माणसाशी बोलतात तशी सावकाश, प्रत्येक खुणेनंतर थांबत ती बोलली. घरात, माझ्याशी, हातांनी, इतक्या वर्षांनी.

‘‘बाबा, खूप होतं सांगायला. तुम्हालाच सांगायचं होतं. मग आईला सांगितलं. मैत्रिणींना सांगितलं. सगळं सांगून झालं. आता तुमच्यासाठी पुन्हा कुठून आणू?’’

मी काही म्हणणार, तेवढ्यात तिने पुढे म्हटलं, ‘‘मी रागावले नाही. खरंच नाही. पूर्वी होते.’’

दर शनिवारी मी तिला चार-चार वेळा ‘पुन्हा, हळू’ म्हणतो. हे एवढं सगळं मला एका दमात कळलं. एक खूणही पुन्हा विचारावी लागली नाही. मी टेबलावर हात ठेवून तसाच रडलो. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, पाणी आणून दिलं, गोळ्यांचा डबा भरला.

मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पिशवी उचलली. दारात मागे वळली. तिचे हात मोकळे होते, पिशवी खांद्याला होती. मी हातांकडेच बघत होतो, पण हलले ते ओठ.

‘‘येते, बाबा,’’ ती तोंडाने म्हणाली.