टेबल मोगलाईत न्यायचं तर

देऊळघाटच्या तानुबाईला त्या आठवड्यात कुणाचंच बोलणं सहन होत नव्हतं. कडूबा जाणार होता, आणि त्याच्या जाण्याची तयारी तिच्याशिवाय कुणीच करत नव्हतं.

कडूबा तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. त्याचं गाव एका दिवसाच्या वाटेवर, पण मध्ये सरहद्द. पलीकडे मोगलाई, निजामाचं राज्य. नाणं वेगळं, कचेरी उर्दू, शाळाही उर्दू. इकडे वऱ्हाडात इंग्रजी अंमल आणि बुलढाण्याला हायस्कूल. म्हणून त्याच्या बापाने, भगवानराव पाटलांनी, त्याला मावशीकडे परमुलखात शिकायला धाडलं होतं. आला तेव्हा तिच्या खांद्याला लागत होता. आता दारातून वाकून आत येई. मॅट्रिकची परीक्षा झाली आणि पाटलांचा निरोप आला, अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आत पोरगा घरी पाहिजे.

तर पोरगा रोज उठून बुलढाण्याला मित्रांचा निरोप घ्यायला जात होता. संध्याकाळी परत यायचा आणि धोतरं तशीच खुंटीवर, पुस्तकं तशीच कोनाड्यात.

"कितीक निरोप घेतो बे एकाचा?" तानुबाई म्हणाली. "कालच तर घेतला."

"काल तो घरी नव्हता."

"मंग घेतला कोनाचा?"

तो हसला आणि भाकर मागितली. ती चुलीशी जाऊन बसली. जा म्हणावं तर हा निघत नाही, राहा म्हणावं तर याच्या हातात काही नाही. हेडमास्तर म्हणाले होते, पोराला अमरावतीच्या कॉलेजात घाला. पाटलांनी उत्तर पाठवलं होतं की गावची पाटीलकी कॉलेजातून चालत नाही. कडूबाने ते उत्तर ऐकलं आणि त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. तेच तिला जास्त टोचत होतं.

त्यात नवऱ्याने, निवृत्तीने, टेबलाचं काढलं.

कडूबाचं नाव शाळेत घालायला गेला तेव्हा निवृत्तीने हेडमास्तरांचं टेबल पाहिलं होतं. परत आल्यावर सुताराला बसवून आंब्याच्या फळ्यांचं तसंच एक करून घेतलं. अख्ख्या देऊळघाटात दुसरं नव्हतं. एक पाय आखूड निघाला, त्याखाली छपरावरच्या कवेलूचा तुकडा होता. आता निवृत्तीचं म्हणणं, टेबल पोरासोबत बैलगाडीत गेलं पाहिजे.

"बंडीत मावन का ते?" तानुबाईने विचारलं.

"उलटं टाकलं का मावते."

"अन् बसाव कुठी? पायाले धरून लोंबकळाव?"

"तू उगी कटकट करू नको. पोराची वस्तू हाय."

जायच्या दिवशी टेबल उलटं टाकलं. चार पाय आभाळाकडे करून त्याने सगळी बंडी व्यापली. पोत्यातली पुस्तकं, तिळाचे लाडू, लोणच्याची बरणी आणि नवी गोधडी त्या पायांमध्ये कोंबली. तानुबाई बरणी मांडीवर घेऊन बसली, कारण दुसरीकडे कुठेही ती फुटली असती. वाटेत भेटेल तो माणूस थांबून विचारी, बाज हाय का? निवृत्ती बैल थांबवून प्रत्येकाला टेबल म्हणजे काय ते समजावून सांगे. धाड गाव मागे पडेपर्यंत ऊन डोक्यावर आलं.

"तिकडं मले-तुले करू नको, मला-तुला म्हनत जाय," ती कडूबाला म्हणाली. "हासतीन तुले."

"हासू दे."

मोगलाईच्या नाक्यावर पाटील आपली गाडी घेऊन येऊन थांबलेच होते. त्यांनी आधी टेबल पाहिलं, मग मुलगा.

"हे काय आणलंय, तानुबाई?"

"तुमच्या साडूले इचारा, दाजी."

नाकेदार सभ्य माणूस होता. त्याने लाडू पाहिले, बरणीचा वास घेतला, पुस्तकं उघडून पाहिली आणि टेबलापाशी येऊन उभा राहिला. परमुलखातून नवं लाकडी सामान आणलं तर त्यावर जकात बसते, असं त्याने सांगितलं.

"नवं कुठी हाय?" निवृत्तीने त्याला हाताला धरून शाईचे डाग दाखवले. "हे पाहा. हे पाहा. रोज बसून लिवलं पोरानं."

"जकात मी भरणार नाही," पाटील म्हणाले. "मला टेबल नको. पोराला उर्दूचा मुन्शी लावलाय, तो सतरंजीवर बसून शिकवतो."

"तुमाले कोन भरा म्हनते? मी भरतो."

"माझ्या घरच्या सामानाची जकात तुम्ही का भरावी? मी काय मेलोय?"

दोघं साडू उन्हात उभे राहून भांडू लागले. बैल वैतागून जू हलवत होते. तानुबाईच्या मांडीवरची बरणी तापली होती. शेवटी नाकेदारच कंटाळला. मुलाच्या शिक्षणाची वापरातली वस्तू असेल तर तशीच सोडतो, असं म्हणाला आणि कडूबाकडे वळला.

"तुझं आहे का हे टेबल?"

कडूबाने टेबलाकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "काकांचं हाय."

तानुबाईने बरणी खाली ठेवली आणि पोराला ओढत बाभळीखाली नेलं.

"काऊन म्हनला असा? चार बुकं काय शिकला अन् त्यायचं तोंड पाड्याले निंगाला?"

"तिकडं नेलं तर बाबा त्याच्यावर बियाण्याची पोती रचतीन. मले रोज पाहा लागन, मावशी. तुह्याकडंच राहू दे."

"मी काय करू त्याचं? त्याच्यावर बसून भाकर खाऊ?"

"खाय."

तिला हसू आलं असतं, पण तो तिच्याकडे पाठ करून उभा होता. ती काही बोलणार तोच पाटलांनी हाक मारली; अंधार पडायच्या आत पोचायला हवं होतं. टेबल सोडून बाकी सामान पाटलांच्या गाडीत हलवलं. निवृत्तीच्या पाया पडताना कडूबा टेबलाकडे बोट दाखवून हळूच काहीतरी म्हणाला, निवृत्तीने मान हलवली. तानुबाईच्या पाया पडला तेव्हा तिच्या तोंडून आशीर्वादाऐवजी एवढंच निघालं, "बरनी सरळ धर. तेल सांडून राह्यलं." पाटलांची गाडी वळली.

परतीच्या वाटेवर लोकांनी पुन्हा विचारलं. या वेळी निवृत्ती कुणापाशी थांबला नाही.

जेठ महिन्यात निकाल लागला. कडूबा पास झाला होता. निवृत्ती स्वतः मोगलाईत जाऊन सांगून आला. पाटलांनी गावात साखर वाटली. कॉलेजाचं नाव निघालं नाही. पोरगा सकाळी मुन्शीपाशी बसतो, दुपारी चावडीत, असं निवृत्तीने घरी येऊन सांगितलं.

"वाळला काय?" तानुबाईने विचारलं.

"नाही. मले-तुलेच बोलते अजून. बाप चिडते."

"अन् माह्याबद्दल?"

"मावशीचा राग गेला का म्हने."

"मंग?"

"नाही म्हनलो. दिवाळीले येतो म्हने, तवा तुह्याच तोंडून ऐकू दे त्याले."

"येऊ तर दे," तानुबाई म्हणाली आणि पिठाचा डबा ओढून घेतला. "असा कान धरीन का नाही."