टेम्पोवरचं नाव

खांब गावात हायवेच्या कडेला जितेशचं रेडियमचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे जुना कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं स्टिकर कापायचं मशीन. आत स्वयंपाकघरात त्याच्या बायकोचा, सुरभीचा लॅपटॉप. गाड्यांवरची नावं ती वळणदार अक्षरांत काढायची, जितेश कापून चिकटवायचा.

आजवर नाव पेनड्राइव्हवरून पुढे जायचं. पण जुन्या कॉम्प्युटरची पेनड्राइव्हची भोकं एकेक करून बंद पडली होती, आणि हायवेच्या कामात सकाळीच जेसीबीने इंटरनेटची केबल तोडलेली. मग सुरभी म्हणाली, "घरातल्या घरात वायफाय चालू आहे ना. फोल्डर शेअर करते."

बाहेर बाकावर मागच्या आदिवासीवाडीतला बुधा बसला होता. जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या भरल्या, आता स्वतःचा जुना टेम्पो घेतला होता. त्यावर मुलीचं नाव हवं होतं, पारी. अकराला वाडीत टेम्पोची पूजा.

लॅपटॉपवर जुना कॉम्प्युटर दिसला. तिने क्लिक केलं, तर त्याने नाव आणि पासवर्ड मागितला.

"अहो, पासवर्ड काय आहे याचा?"

"पासवर्डच नाय त्याला. चालू केला की चालू होतो."

रिकाम्या पासवर्डवर तो आत घेईना. सुरभीने पुढच्या खोलीत येऊन जुन्या कॉम्प्युटरला नवा पासवर्ड घातला, परत आत गेली, जितेशचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. नाव किंवा पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला, एकेक अक्षर बोटाने दाबत. चुकीचा. दोन्ही मशीन बंद करून चालू केली. तेवढ्यात बाळ उठलं. त्याला काखेत घेऊन तिने पाचव्यांदा तेच केलं आणि पाचव्यांदा तेच उत्तर आलं.

"तुझा लॅपटॉपच बिघडलाय," जितेश बाहेरून म्हणाला.

सुरभीने पुढे येऊन पाहिलं. जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर जितेशचं नाव धडधडीत दिसत होतं, मग चुकीचं काय?

पावणेअकराला बुधा उठला. "वयनी, मी जातो. भगत थांबलाय. नाव मागनं लावू."

तो गेल्यावर तिने बाळ जितेशच्या हातात दिलं आणि जुन्या कॉम्प्युटरचे फोल्डर एकेक उघडून बघायला लागली. जिथे वापरणाऱ्यांची नावं असतात तिथे जितेश नव्हताच. तिथे होतं, नाथा.

"हा नाथा कोण?"

जितेशने बाळ दुसऱ्या हातावर घेतलं. "पेणला ज्याच्याकडून हा जुना कॉम्प्युटर घेतला तो. नाव मी बदललं होतं. दुसऱ्याच्या नावाचा कॉम्प्युटर आपल्या घरात कशाला."

"वरचं बदललं तुम्ही. आतून तो अजून नाथाच आहे. सांगायचं तरी."

तिने आत जाऊन लॅपटॉपवर नाथा टाकलं, मघाचाच पासवर्ड टाकला. फोल्डर उघडला. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. आनंद व्हायला हवा होता, पण तिला नुसती चीड आली. जितेशची, मशीनची, गेलेल्या सकाळची. जितेशने बाळ परत तिच्याकडे दिलं आणि नाव कापलं.

संध्याकाळी बुधा टेम्पो घेऊन आला. काचेवर हळदकुंकू लागलेलं, मागे विटांची लाल भुकटी. दिवसाची पहिली खेप टाकून तो सरळ इकडेच आला होता. जितेश नाव चिकटवू लागला.

"सकाळी काय झालेलं ओ वयनी?"

सगळं कसं समजवायचं म्हणून ती एवढंच म्हणाली, "कॉम्प्युटरमध्ये नाव चुकीचं होतं. म्हणून आत घेत नव्हता."

बुधाने मान हलवली. "माजं पन जातीच्या दाखल्यावर चुकलंय. बुधा नाय, बुध्या लिवलाय. दोन वर्सं झाली तहसिलीत फेऱ्या मारतोय, कुनी आत घेत नाय."

सुरभी टेम्पोजवळ गेली. तिने कापड घेतलं आणि पारीच्या नावाखाली राहिलेले हवेचे बुडबुडे कडेकडेने काढू लागली.