उशीच्या अभ्र्यातले मासे

इस्पितळाच्या चादरी नीळशेठ इतक्या पांढऱ्या काढायचा, की माश्या त्यांच्यावर बसायला बिचकत. यात धाग्याचीही भर घातलेली नाही. निळीत बुडालेली बोटं पाहून लोकांनीच थट्टेनं हे नाव ठेवलेलं. लॉन्ड्रीत मालक, धोबी, हमाल सगळं तोच, आणि त्याच्या डोक्यावर बायको.

हल्ली मात्र चादरी करड्या निघू लागल्या. रस्त्यापलीकडे वीजकेंद्राची चिमणी कोळशाची राख ओकायची. म्हणून शेठनं दोरीवर वाळत घालणं सोडलं, मोठाले ड्रायर आणले, खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. तरी राख आत यायचीच. मग चादर परत धुवायची, परत ड्रायरला लावायची. इस्पितळातल्या मोठ्या सिस्टरनी बजावलं होतं, "आज एक जरी करडी निघाली तर काम दुसऱ्याला." ते काम गेलं की लॉन्ड्रीला कुलूप.

सकाळी शेठचा धाकटा भाऊ चहाला डोकावला. तो वीजकेंद्रातच कामाला होता.

"दादा, तू ड्रायर लावलेस की आमच्या भट्टीत कोळसा जास्त पडतो."

"काहीतरीच तुझं."

"लावून बघ की."

शेठनं खटका दाबला. पलीकडे चिमणीनं घसा खाकरून भलामोठा काळा लोट सोडला. खटका बंद, लोट बारीक. पुन्हा दाबला, पुन्हा लोट. इतके दिवस राख तो आपल्याच बोटानं मागवत होता.

"भावजी, दुसरी कुठली वीज नाही का तुमच्याकडे?" बायकोनं विचारलं.

"आहे ना वहिनी. वेगवेगळ्या तारा येतात. सांगाल ती जोडतो."

केंद्रात पोचून त्यानं फोन केला, "घ्या, धरणाची."

ड्रायर उघडला तर चादरी पांढऱ्याशुभ्र, पण उशीच्या प्रत्येक अभ्र्यात एकेक मासा तडफडत होता. त्यांच्यामागून बुडालेल्या घराचं एक दार बाहेर सरकलं, चौकटीसकट, कडी लावलेलं. बायकोनं ते दोन्ही हातांनी मागे रेटलं.

"आतून कोणी वाजवलं तर? बदला ती तार आधी."

अणूच्या विजेला ना धूर, ना डाग. शेठ खूश झाला. तळाशी फक्त शिशाची जड डबी होती, आणि तिच्यावर लिहिलेलं, 'उघडू नये. नातवंडांच्या नातवंडांनीही.'

"ठेवायची कुठे ही?"

"माझ्या माहेरी नको," बायको म्हणाली.

उन्हाच्या विजेबरोबर कुठल्याशा खाणीतला मूठभर लाल चिखल आला, आणि ढग येताच ड्रायर थांबला. मग पवनचक्कीच्या वाऱ्याची तार. चादरी झकास निघाल्या, फक्त शिवणींत घारीची पिसं अडकलेली. शेठ ती उपटतोय तोच मोठ्या सिस्टर दारात.

"हे काय?"

"घारीचं पीस," शेठ म्हणाला. थाप सुचायलाही वेळ नव्हता.

त्यांनी चादर खिडकीशी धरून पाहिली. "पांढरी आहे. पीस झटकता येईल. पुढच्या आठवड्यापासून दुप्पट चादरी लागतील."

शेठचा चेहरा फुलला. "काम वाढलं?"

"छातीचे पेशंट वाढले. व्हरांड्यात खाटा टाकल्यात. सगळे चिमणीलगतच्या गल्ल्यांतले, थुंकतात ते काळं."

शेठनं मागे हात नेऊन स्टूल चाचपलं. ते सापडलं नाही, तेव्हा तो ओल्या कपड्यांच्या ढिगावरच बसला. मागच्या वेळी चादरी वाढल्या तेव्हा त्यानं आनंदानं आणखी एक ड्रायर घेतला होता.

फोन वाजला. "दादा, परत कोळसाच जोडू? वारा पडला की अडकून पडशील."

शेठनं फोन हातात धरूनच चिमणीकडे पाहिलं. बायकोनं फोन हिसकावला. "वाऱ्याचीच राहू द्या भावजी. जोडीला उन्हाचीही द्या."

"आणि दोन्ही नसले तर?"

तिनं सिस्टरकडे पाहिलं. "तर चादरी उशिरा मिळतील."

"चालतील," सिस्टर म्हणाल्या आणि पदर खोचून पिसं वेचायला बसल्या.

शेठनंही एक पीस उपटलं. चादर केव्हाच गार झाली होती, पण ते अजून गरम होतं.